चिचुंद्रीचं सुगंधी स्नान

बसा पोरांनो. मांडी घाला, पाय पसरू नका. गोष्ट एकदाच सांगणार आहे. मधे कुणी प्रश्न विचारायचे नाहीत, आणि शेवटी तर मुळीच नाहीत.

एका जंगलात, कुठल्या ते काढत बसू नका, हल्ली सगळी जंगलं सारखीच झालीत, तर एका जंगलात एक चिचुंद्री राहत होती. मोहाच्या जुन्या झाडाच्या मुळाशी तिचं बीळ. नवऱ्याचं म्हणाल तर चिचुंद्र्यांचे नवरे घरी टिकत नाहीत. पोरं मात्र होती. थोरली, मधली आणि धाकटा.

चिचुंद्रीची पोरं आईमागून कशी चालतात, पाहिलंय का कुणी? थोरली आईला शेपटाच्या बुडाशी दातांनी धरते. मधली थोरलीला धरते. धाकटा मधलीला. अशी गाडी करून निघतात. तोंड भरलेलं असल्यामुळे वाटेत कुणाला बोलता येत नाही. फार चांगली पद्धत आहे. तुमच्या शाळेत सुरू करा म्हणून मी मास्तरला सांगितलं, तर तो माझ्याशी बोलेनासा झाला.

आता एक गोष्ट सरळ सांगतो. चिचुंद्री घाण मारते. त्यात हसायचं काही नाही, ए दात काढू नकोस. तिच्या कुशीला गाठ असते, त्या गाठीतून तो वास येतो. पिठाच्या डब्यावरून नुसती चालत गेली तरी पीठ टाकून द्यावं लागतं. असा वास. पोरांच्या अंगाला तो लहानपणी नसतो. मोठी होईपर्यंत ती आईच्याच वासात वाढतात.

शेजारी धामण राहायची. लांब, जाड, उन्हात पडली की वाट अडायची. धामण उंदीर खायची, बेडूक खायची, घुशीची पिल्लं खायची, पाखरांची अंडी सोडायची नाही. चिचुंद्रीच्या बिळाकडे मात्र तिनं कधी तोंड वळवलं नाही. का? त्या वासानं तिला मळमळायचं. बाकी कारण काही नाही. त्या घाणीपायी थोरली, मधली आणि धाकटा जिवंत होते.

सगळ्या जंगलाला हे दिसत होतं. त्या दोघींना तेवढं दिसत नव्हतं.

चिचुंद्री म्हणायची, "आमच्या धामणकाकू म्हणजे देवमाणूस हो. इतकी वर्षं शेजार, पण पोरांना कधी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही."

धामण म्हणायची, "शेजारधर्म पाळते मी. दुसरी कुणी असती तर केव्हाच गिळली असती पोरं."

दोघीही खरं बोलत होत्या. म्हणजे दोघींना ते खरं वाटत होतं. स्वतःच्या अंगाचा वास स्वतःला येत नाही, पोरांनो. हे तुम्हालाही लागू आहे. तू जरा सरक तिकडे.

तर त्या वर्षी सशिणीनं हळदीकुंकू केलं. मोठं केलं. अत्तराचा फाया फिरवला, गुलाबपाणी शिंपडलं, वाण लुटलं. आणि चिचुंद्रीला बोलावलं नाही.

चिचुंद्री सकाळपासून आवरून बसली होती. पोरांची तोंडं पुसून ठेवली होती. दुपार झाली, ऊन कललं, बोलावणं काही आलं नाही. बिळाच्या तोंडाशी बसून तिनं उंदरिणीला वाण घेऊन जाताना पाहिलं, घुशिणीला पाहिलं. घुशीण गटारात राहते हो. तिला बोलावणं होतं.

दुसऱ्या दिवशी वाटेत सशीण भेटली.

"सशीणबाई, काल हळदीकुंकू होतं म्हणे."

"अगं कसलं हळदीकुंकू. घरातल्या घरात केलं. कुणाला बोलावलंच नाही."

"उंदरीण वाण घेऊन जाताना दिसली."

"ती घरातलीच की."

"आणि घुशीण?"

सशिणीनं पुढचा पाय उचलून नाकावर धरला. "हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. आम्ही अत्तर फिरवतो. तू आलीस की अत्तराचं काही चालत नाही. बायका डोकं धरून बसतात. तूच सांग, मी काय करायचं?"

चिचुंद्रीचं तोंड एवढंसं झालं. आधीच ते केवढंसं!

"मग मी काय करू, तेही सांगा," ती म्हणाली.

"खंड्याकडे जा. त्यानं मला सुगंधी स्नान सांगितलं, घरच्या घरी करायचं. माझं सगळं टेन्शन गेलं बघ. पूर्वी पान हललं तरी माझे कान उभे राहायचे. आता समोर कोल्हा खोकला तरी मी कूस बदलत नाही."

असं म्हणून सशीण निघून गेली. अगदी रमतगमत गेली, दोन्ही कान खाली पाडून. अशी चालणारी सशीण त्या जंगलानं कधी पाहिली नव्हती. पुढे फार दिवस पाहायलाही मिळाली नाही.

आता हा खंड्या कोण? निळा, चोचीनं लांब, ओढ्यावरच्या वाळक्या फांदीवर बसतो तो. दिवसभर पाण्यात डोकं खुपसतो. मासे धरायला खुपसतो. पण लोकांनी पाहिलं की हा सारखा पाण्यात जातो आणि चकचकीत होऊन वर येतो. झालं. आंघोळीतला जाणकार ठरला. आधी त्याला नवल वाटलं. मग पटलं. मग तो फांदीवर बसून आंघोळीवर बोलायला लागला. त्याचं स्वतःचं घर काठाच्या मातीत आहे. आत माशांचे काटे सडत पडलेले असतात, माशा घोंघावतात. पण सल्ला देणाऱ्याच्या घरी कोण जातं बघायला.

चिचुंद्री पोरांची गाडी घेऊन फांदीखाली आली. खंड्या न सांगताच वरच्या फांदीवर सरकला.

"काय होतंय?"

"वास येतो म्हणतात मला."

"वास म्हणायचं नाही. ताण म्हणायचं. तुझ्या आतला ताण बाहेर पडतोय."

"ताण असा येतो? म्हणजे, असा घाण?"

"कुजलेला ताण आहे तो. किती वर्षांचा आहे?"

"माझ्या आईलाही होता."

"पाहिलंस? आनुवंशिक आहे." खंड्यानं चोच पुसली. "घाबरू नकोस. अरोमाथेरपी करू. कोमट पाणी, सुगंधी तेल, शांत मन. एका आंघोळीत कामच होऊन जाईल."

चिचुंद्रीनं तो शब्द मनातल्या मनात म्हणून बघितला. अर्धाच म्हणता आला.

"पण काही होणार नाही ना हो? लेकुरवाळी आहे मी."

खंड्याची छाती फुगली. "तोच तर माझा विषय. सुरक्षित आणि आरामदायी. आधी सुरक्षित, मग आरामदायी. नीट ऐक. सुगंधी तेल थेट पाण्यात टाकायचं नाही. ते वर तरंगतं आणि कातडी पोळते. आधी साध्या तेलात मिसळायचं."

"मोहाचं चालेल?"

"चालेल. आणि एकच थेंब. तू जनावर केवढं! जास्त टाकलंस तर चक्कर येईल. आधी पायाला आतल्या बाजूनं लावून बघायचं. खाजलं, लाल झालं, तर ती आंघोळ आपली नव्हे."

"बरं."

"पाणी कोमट. कढत पाण्यात जीव घाबरा होतो. आत पाय टाकण्याआधी हात घालून बघ. डोळ्यात जाऊ देऊ नकोस. फार वेळ बसू नकोस. आणि पोरांना आत घ्यायचं नाही, लहान कातडीला ही तेलं सोसत नाहीत."

हे सगळं बरोबर होतं, पोरांनो. एक शब्द चुकीचा नव्हता. म्हणून तर मी सांगतोय.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," खंड्या म्हणाला, "तू बिळाच्या तोंडाला काय लावतेस?"

"दगड लावते."

"तो लावायचा नाही. आंघोळीच्या जागी हवा खेळती पाहिजे. शिवाय आत घेरी आली, पाय घसरला, तर बाहेरून कुणी तरी आत येऊ शकलं पाहिजे. शेजारी कुणी आहे ना?"

"आहेत ना. धामणकाकू आहेत."

"मग झालं तर. त्यांना सांगून ठेव."

चिचुंद्रीला हायसं वाटलं. तरी बाईमाणूस, शेवटचं विचारलंच, "आजवर कुणाला काही त्रास?"

"एक तक्रार नाही," खंड्या म्हणाला. "उंदरीण करून गेली, बेडकीण करून गेली, तुमची ती सशीण करून गेली. एकदा केल्यावर परत कुणी माझ्याकडे येत नाही. इतका गुण येतो."

मग त्यानं शिंपल्यातून लॅव्हेंडरच्या तेलाचा एक थेंब दिला. थंडीत परदेशातून बदकं येतात, ती आणतात म्हणे. आपल्या ओढ्याच्या काठाला वाळा आहे, गवती चहा आहे, पण ते उपटायला कष्ट पडतात आणि त्याची नावं सगळ्यांना म्हणता येतात.

परत येताना चिचुंद्री धामणीच्या दारात थांबली. धामण उन्हात पसरली होती. वास आल्याबरोबर तिनं तोंड पलीकडे केलं.

"काकू, एक काम होतं. उद्या दुपारी जरा लक्ष ठेवाल?"

"कशावर?"

"माझ्यावर. आणि पोरांवर. मी आंघोळीला बसणार आहे. वास जायची आंघोळ."

धामणीनं तोंड परत अलीकडे केलं. "अगबाई! खरं की काय? मीच म्हणणार होते गं किती दिवस. पण तोंडावर कसं म्हणायचं. तुझं दार उघडलं की माझा घास तोंडातच राहतो."

"इतका त्रास होत होता, मग बोलायचं नाही का? मी परकी आहे का?"

"जाऊ दे. शेजारी म्हटलं की सोसावं लागतं."

"दार उघडंच ठेवणार आहे मी. खंड्यानं सांगितलंय."

"बरोबर सांगितलंय. मी येईन डोकवायला."

हे बघा, धामण लबाड नव्हती. लबाडी कोल्ह्याची, ती दुसरी गोष्ट. धामणीच्या मनात काही नव्हतं. तिचं जे काही असतं ते पोटात असतं.

दुसऱ्या दिवशी चिचुंद्री कामाला लागली. माकडांनी खाऊन टाकलेली कवठाची करवंटी होती, ती तिनं वाळूनं घासली. बिळात ढकलत आणली. पोरं मागून ढकलत होती, म्हणजे धाकटा करवंटीत बसला होता आणि बाकीच्या ढकलत होत्या. खाली वाळकी पानं लावली, करवंटी डुगडुगू नये म्हणून. बाहेरच्या काळ्या खडकाच्या खळग्यात पाणी उन्हानं तापलं होतं, ते पळसाच्या पानातून आणून करवंटी भरली. खेपा घालून घालून कंबर मोडली बिचारीची. आराम करायचा म्हणजे केवढे कष्ट!

पाण्यात हात घालून पाहिला. कोमट. तेलात तेल मिसळलं. पायाला आतून लावून वाट पाहिली. खाजलं नाही, लाल झालं नाही. पोरांना करवंटीपासून लांब, बिळातच गवताच्या गादीवर बसवलं.

"इथून हलायचं नाही. आईला जरा निवांत होऊ द्या."

"निवांत म्हणजे काय?" धाकट्यानं विचारलं.

"मलाही माहीत नाही रे. बघते आता," चिचुंद्री म्हणाली.

दाराचा दगड तिनं बाजूला लोटला. आणि पाण्यात बसली.

एक चूक केली नाही तिनं. तुम्ही शाळेत गणितं सोडवता तेव्हा चुका करता. तिनं केली नाही.

पाणी गळ्यापर्यंत आलं. वाफेसारखा तो वास नाकात शिरला. गोड, थंड, आपल्याकडच्या कुठल्याही फुलासारखा नाही असा. अंगाची एकेक गाठ सुटायला लागली. कुशीतली गाठही. आतलं होतं नव्हतं ते पाण्यात सुटून गेलं आणि वर लॅव्हेंडर उरलं.

मग डोक्यातलं सुटायला लागलं. आधी घुबड गेलं. रोज अंधार पडताना छातीत जे धडधडायचं, ते गेलं. मग पावसात बिळात पाणी शिरेल ही काळजी गेली. मग किडे कमी झालेत, उद्या काय खायचं, ती गेली. सशीण काय म्हणाली, घुशिणीला का बोलावलं, तेही गेलं. सगळ्या आईबायांच्या डोक्यात अगदी तळाशी एक काळजी असते. पोरं कुठे आहेत? झोपेतसुद्धा ती जागी असते. ती निघायला फार वेळ लागतो.

लॅव्हेंडर तिथपर्यंत पोचलं. तीही गेली.

बिळात अंधार होता. अंधारात पोरं आईला वासानं ओळखतात. थोरलीनं नाक वर केलं. इकडे हुंगलं, तिकडे हुंगलं.

"आई?"

"अं."

"आई, तू आहेस का?"

"आहे ना गं."

"मग वास का नाही येत?"

"गेला," चिचुंद्री म्हणाली. ती हसत होती. "गेला एकदाचा."

तेवढ्यात बिळातला होता तेवढा उजेडही कमी झाला. दारात धामणीचं डोकं आलं होतं.

"मी म्हटलं, बघून यावं," धामण म्हणाली. "कसं वाटतंय?"

"फार छान, काकू. या ना."

धामण थोडी आत आली. तिनं जीभ बाहेर काढली, आत घेतली. परत काढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या बिळाच्या हवेत तिला पोरांचा वास लागला. दूध पिऊन वाढलेल्या, कोवळ्या, गरम पोरांचा.

"अगं," धामण म्हणाली, "इतकी वर्षं शेजार, पण तुझी पोरं मी कधी नीट पाहिलीच नव्हती."

"बघा ना."

"किती गुटगुटीत आहेत गं!"

"तुमचा आशीर्वाद."

"नजर लागेल. काय घालतेस खायला?"

"जे मिळेल ते." चिचुंद्रीचे डोळे मिटलेले होते. "किडे, गांडुळं."

"हाताला चव आहे तुझ्या." धामण आणखी आत आली. तिचा आवाज मऊ झाला होता. तिलाही निवांत वाटत असावं. "धाकट्याला इकडे दे जरा. जवळ घेते."

"घ्या की, काकू," चिचुंद्री म्हणाली. "तुमचाच आहे."

ऐकलंत? आई म्हणाली. डोळे मिटून म्हणाली. कुणी दमदाटी केली नाही, फसवलं नाही. कोमट पाण्यात बसून म्हणाली.

धाकटा आज्ञाधारक होता. उठला आणि काकूकडे निघाला. काकूनं जबडा उघडला. धामणीचा जबडा उघडला की उघडतच जातो. आत गुलाबी असतं.

थोरलीला ते दिसलं. तिनं काय करावं? ओरडली असती तर आई म्हणाली असती, अं. तिनं डोकं चालवलं नाही, तिला सवय होती तेच केलं. भ्यायलं की आईला धरायचं. ती उडी मारून करवंटीवर चढली, पाण्यात तोंड घातलं, शेपटाचं बूड शोधलं आणि दात रोवले. रोजच्यासारखे नाही. हाडापर्यंत.

चिचुंद्रीनं डोळे उघडले.

समोर जबडा. जबड्यासमोर धाकटा.

पोरांनो, तिच्या डोक्यातून जे जे गेलं होतं, ते सगळं एकदम परत आलं. पोरं आली, घुबड आलं, पाऊस आला, उपास आला, जन्माची सगळी धडधड एका क्षणात आली. आणि चिचुंद्री भ्याली की कुशीतली गाठ कधी नव्हे इतकी सुटते. ती सुटली.

आता मी त्या वासाचं वर्णन करणार नाही. तुमच्यातल्या काहींना अजून जेवायचंय. एवढंच सांगतो, लॅव्हेंडर कुठं गेलं ते लॅव्हेंडरलाही कळलं नाही. मोहाच्या झाडावरचे मुंगळे खाली उतरले. बाहेर फांदीवर एक कावळा बसला होता, तो उठून गेला. कावळा!

धामणीचं तोंड उघडंच होतं. सगळा वास सरळ घशात गेला. तिला उमासे आले. डोळ्यांतून पाणी आलं. मागं सरता सरता तिचं डोकं दोनदा दगडावर आपटलं. ती बिळाबाहेर जाऊन पडली आणि गवतावर तोंड घासायला लागली.

आणि मग ती काय म्हणाली असेल?

"शोभतं का हे तुला?" धामण म्हणाली. "शेजारीण तुझ्या मदतीला आली आणि तिच्या तोंडावर? तोंडावर?"

आणि चिचुंद्री काय म्हणाली असेल? तिनं धाकट्याला पायांखाली ओढून घेतला होता. ओली, तेलकट, शेपटातून रक्त येत होतं. ती म्हणाली,

"चुकलं, काकू. माफ करा. एकदम ताण आला हो."

"आला म्हणजे? रोखता येत नाही?"

"रोखला असता. इतका चांगला गेला होता!"

"लाज आणलीस. मी तुझ्या पोरांना जवळ घेत होते. परक्यासारखी वागलीस माझ्याशी." धामण धापा टाकत होती. पण गेली नाही. दारातच वेटोळं घालून बसली. "बरं असू दे. मी मनात धरत नाही. इथेच बसते. हवा स्वच्छ झाली की येते परत आत."

ही गडबड ऐकून खंड्या आला. तो बिळाजवळ आला नाही. वाऱ्याची दिशा बघून लांबच्या झाडावर बसला.

"काय झालं?" त्यानं वरून विचारलं.

"मधेच सुटलं," चिचुंद्री आतून म्हणाली.

"तेच म्हटलं. ताण मुळातून गेला नव्हता. पूर्ण मोकळी झाली नव्हतीस तू. कुठे तरी धरून ठेवलं होतंस."

"पोरांना धरलं होतं," चिचुंद्री म्हणाली.

"ते सोडायला पाहिजे होतं. असू दे, पहिल्यांदा होतं असं. पाणी अजून कोमट असेल. परत बस. श्वास सोड. दार उघडं ठेवलंयस ना?"

"हो."

"शेजारी आहेत ना?"

"हो, दारातच बसल्यात."

"मग काळजी कसली?" खंड्या म्हणाला, आणि मासा दिसला म्हणून निघून गेला.

चिचुंद्रीनं करवंटीकडे पाहिलं. पाण्यावर अजून तेलाची तवंगासारखी नक्षी होती. तिला रडू यायला लागलं. घासलेली करवंटी. पळसाच्या पानातून घातलेल्या त्या खेपा. पायाला लावून पाहिलेलं तेल. सगळं नीट केलं होतं. एवढं सगळं नीट करून पुन्हा तीच घाणेरडी चिचुंद्री. ती हुंदके द्यायला लागली.

"रडू नको ना, आई," मधली म्हणाली.

थोरली मधेच म्हणाली, "तू गप. आई, रड."

चिचुंद्रीनं वर पाहिलं.

"तू रडतेस तेव्हा जास्त येतो," थोरली म्हणाली. तिच्या तोंडाला आईच्या शेपटाचं रक्त लागलं होतं. "रड आई. थांबू नकोस. काकू अजून दारात आहे."

चिचुंद्रीनं थोरलीकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. तिथे ते वेटोळं होतं, आणि वेटोळ्यावर ठेवलेलं डोकं, प्रेमानं आत बघणारं. धाकट्याकडे पाहिलं. तिला काय कळलं आणि किती कळलं, ते मला ठाऊक नाही. मी काही तिच्या डोक्यात शिरलो नव्हतो.

पण मग ती मन लावून रडली.

पोरांनी गाडी केली. थोरलीनं आईला दुखऱ्या जागीच धरलं, इलाज नव्हता. मधलीनं थोरलीला धरलं, धाकट्यानं मधलीला. चिचुंद्री ऊर फुटेस्तोवर रडत दारातून बाहेर पडली आणि धामणीच्या नाकासमोरून चालत गेली. धामणीनं शेवटपर्यंत बघायचा प्रयत्न केला. नाही जमलं. तिनं तोंड फिरवलं.

तात्पर्य: घरच्या घरी सुगंधी स्नान जरूर करावं. पाणी कोमट घ्यावं, तेल एकच थेंब टाकावं, दार उघडं ठेवावं आणि मनातली शेवटची काळजीसुद्धा सोडून द्यावी. शेजाऱ्यांनाही पोट असतं.